सहाव्या चौकोनातली रताळी

शुक्रवारी संध्याकाळी मी शाळेच्या वह्या तपासत बसले होते, तेव्हा अण्णाचा फोन आला. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. बेळगावच्या पश्चिमेला आमचं गाव आहे, तिथली शेती तो बघतो. मी लग्नानंतर शहरात आले आणि गेली अठरा वर्षं एका हायस्कुलात इंग्रजी शिकवते. फोनवर आधी खुशाली विचारायची अण्णाला सवय नाही.

"रविवारी मोकळी हाईस न्हवं?"

"का रे?"

"परदेशातनं एक पोरगी येणार हाय आपल्या शेतात. रताळी मोजायला."

मला वाटलं, मी काहीतरी चुकीचं ऐकलं. पण ते खरंच होतं. शेतीच्या एका संशोधन केंद्रात आफ्रिकेतली एक विद्यार्थिनी तीन महिन्यांच्या इंटर्नशिपवर आली होती. रताळ्यात एक बारीक भुंगा शिरतो आणि आतून भोकं पाडत जातो, त्या भुंग्याचा ती अभ्यास करत होती. केंद्राच्या शेतातलं मोजून झालं होतं. आता तिला शेतकऱ्याच्या शेतातले नमुने हवे होते. केंद्रातले साहेब अण्णाच्या ओळखीचे. अण्णाची रताळी काढायची राहिली होती, म्हणून आमचं शेत ठरलं. तिच्याबरोबर रोज जाणारे सहायक नेमके घरच्या लग्नाला गेलेले, त्यामुळे बोलणं समजावून सांगायला कुणीतरी हवं होतं.

"तू इंग्लिशच्या बाई. तुला काय अवघड?" अण्णा म्हणाला आणि माझं उत्तर ऐकायच्या आधी त्यानं फोन ठेवला.

रविवारी सकाळी पहिल्या बसनं गावी गेले. दसरा होऊन गेला होता. रानात ओल होती, पण वर ऊन चांगलं पडलं होतं. शेतावर काकू आधीच येऊन थांबली होती. काकू म्हणजे आमच्या धाकट्या चुलत्यांची बायको. चुलते गेल्यापासून ती अण्णाच्याच घरात असते आणि रताळ्याच्या शेतात तिचाच शब्द चालतो. तिच्याबरोबर गल्लीतल्या दोन बायका होत्या, एकमेकींच्या शेतात कामाला जाणाऱ्या. तिघींनी ठेवणीतली लुगडी नेसली होती. चिखलात बसून रताळी काढायला कुणी असं येत नाही. मी काकूकडं बघितलं, तर ती म्हणाली, "पाव्हणी यायची हाय न्हवं."

साडेआठला जीप आली. साहेबांनी मुलीला उतरवलं, पिशव्या, काटा आणि बांबूच्या काठ्या खाली ठेवल्या. साडेचारला परत येतो असं सांगून ते दुसऱ्या गावाकडं गेले. मुलगी टांझानियातली. वय तेवीस-चोवीस. उंच, अंगानं बारीक, डोक्यावर बारीक बारीक वेण्या, सगळ्या मागं नेऊन एका रुमालात बांधलेल्या. तिनं सरळ काकूपुढं जाऊन हात जोडले आणि म्हणाली, "नमस्कार री, ऊट आतेन?"

जेवण झालं का, असं सकाळी साडेआठ वाजता कानडीत विचारलेलं ऐकून गल्लीतल्या दोघी पदर तोंडाला लावून हसल्या. काकू मात्र गंभीरपणे म्हणाली, "इन्ना इल्ल." म्हणजे अजून नाही. मग माझ्याकडं वळून, "हिला कानडी येतंय की. मग तुला कशाला बोलावलं?"

पण मुलीचं कानडी एवढ्यावरच संपत होतं. केंद्रात महिनाभरात तिनं मोठ्या हौसेनं दहा-बारा वाक्यं पाठ केली होती. इथं शेतात मराठी बोलतात हे तिला जीपमध्ये समजलं तेव्हा तिचा चेहरा पडला होता, असं तिनंच मला सांगितलं. मी म्हटलं, काळजी करू नकोस, आमच्याकडं दोन्ही चालतं.

काकूला तिच्या वेण्यांचं फार कौतुक वाटलं. किती वेळ लागतो घालायला, असं तिनं मला विचारायला लावलं. मुलगी म्हणाली, सहा तास, कधी कधी सातसुद्धा.

"सहा तासात माझं चार वरंबे काढून होत्यात," काकू म्हणाली. मी ते इंग्रजीत सांगितलं. मुलगी हसली आणि म्हणाली, "माझी आईपण असंच बोलते."

तेवढ्यावरच दोघींचं जमलं.

कामाला लागलो. तिच्याजवळ एक कागद होता, त्यावर आकड्यांच्या जोड्या. पहिला आकडा वरंब्याचा, दुसरा पावलांचा. सातवा वरंबा, एकोणीस पावलं, असं मोजत जायचं. तिथं चार काठ्या रोवून दोरीनं एक मीटरचा चौकोन करायचा. त्या चौकोनातलं एकूण एक रताळं काढायचं, बोटाएवढं असलं तरी. पिशवीत भरून चिठ्ठी लावायची, मोजायचं, वजन करायचं, किडकी किती ते लिहायचं. असे दहा चौकोन.

अण्णाला पहिल्याच चौकोनाशी त्रास व्हायला लागला. आकडे मोजत ती नेमकी बांधाकडेच्या खडकाळ जागेवर जाऊन थांबली. तिथं वेलसुद्धा धड वाढले नव्हते.

"तिला सांग, इथं काय न्हाय. वरच्या अंगाला चल म्हणावं, तिथं एकेक रताळं हाताएवढं हाय."

मी सांगितलं. ती म्हणाली, "नाही, इथंच. जागा रँडम असायला हवी."

आता रँडमला मराठीत काय म्हणायचं? एक शब्द मला येतो, पण तो पुस्तकातला. शेतात तो उच्चारला असता तर माझीच मला लाज वाटली असती. मी पटकन म्हटलं, "कुठंबी खणायचं म्हणतीया. कुठलीबी जागा चालती."

अठरा वर्षं इंग्रजी शिकवून मी त्या सकाळी केलेली ही चूक. पण तेव्हा ती कुणाच्या लक्षात आली नाही, माझ्याही नाही.

पहिले तीन चौकोन मुलीनं स्वतः आमच्याबरोबर खणले. तिचं खणणं बघून गल्लीतल्या दोघींचं बोलणं थांबलं. मला वाटलं होतं, ही वहीवाली मुलगी, हातमोजे घालून उभी राहील. तिनं आधी खुरप्यानं वेल कापून बाजूला सारले, वरंब्याची माती हातानं चाचपली, जिथं भेग दिसली तिथं बोट घालून बघितलं आणि मग कुदळ अशी कलती घातली की एकाही रताळ्याला जखम झाली नाही. मी लहानपणी याच शेतात वाढले, पण माझ्या कुदळीनं पहिल्याच घावाला एक रताळं दोन तुकड्यांत बाहेर आलं. तिनं तेही पिशवीत टाकलं. सांगितलं, गावाकडं त्यांच्या घरी रताळीच असतात. शाळेतून आल्यावर आईबरोबर हेच काम करायची. त्यांच्याकडं एकदम सगळं शेत काढत नाहीत. भेग पडली की तेवढंच मोठं रताळं हळूच काढून घ्यायचं, माती पुन्हा सारायची, बारकी वाढू द्यायची. काकूनं हे दोनदा विचारून घेतलं.

वजन करणं आणि लिहिणं यात वेळ जात होता. तेव्हा काकूच म्हणाली, "तू नि ती बसा बांधावर. काठ्या रोवून द्या, आमी काढून आणतो." मुलीला ते पटलं. मग चौथा, पाचवा आणि सहावा चौकोन तिनं आखून दिला आणि आम्ही दोघी बांधावरच्या जांभळीखाली काटा टांगून बसलो. बायका भरलेल्या पिशव्या आणून देत होत्या.

चौथ्या चौकोनाचं वजन बघून मुलगी खूश झाली. पाचव्याचं बघून तिनं भुवया वर केल्या. सहाव्या पिशवीतली रताळी तिनं गोणपाटावर ओतली आणि बराच वेळ नुसती बघत राहिली. एकेक लांबसडक, गुलाबी, डाग नसलेलं. एकही किडकं नाही, एकही बारीक नाही. देवाजवळ मांडावीत अशी रताळी.

तिनं एक हातात घेतलं, त्याची माती चोळली, वास घेतला. मग उठून सहाव्या चौकोनापाशी गेली. तो शेताच्या खालच्या टोकाला होता, पाणी साचतं तिथं. तिथली माती काळसर आणि चिकट. रताळ्यांना लागलेली माती तांबडी आणि भुसभुशीत होती.

परत येऊन ती माझ्याजवळ बसली आणि हळूच म्हणाली, "टीचर, ही रताळी त्या जागेतली नाहीत. मला वाटतं, मला कुणीतरी भेट दिली आहे."

मी लगेच काकूला हाक मारली. ती हात झटकत आली. मी विचारलं, "काकू, खरं सांग, ही कुठनं आणलीस?"

काकूनं जराही लपवलं नाही. "वरच्या अंगाची हाईत. खाली समदी किडकी. एकबी धड न्हवतं. ती टाकली म्हशींच्या वैरणीच्या ढिगात."

"आणि चौथी, पाचवी?"

"त्यात बी घातली थोडी. अगं, पोरगी समुद्रापलीकडनं आलीया. किडकी रताळी घिऊन जाईल व्हय? तिकडं लोक काय म्हणतील, बेळगावात असलं पिकतंय? आन् तूच सांगितलंस, कुठलीबी चालतात म्हणून."

तेव्हा मला माझी चूक समजली. मी मुलीला सगळं सांगितलं, माझ्या 'कुठंबी'सकट. अख्खी सकाळ माझ्यामुळं वाया गेली असं वाटत होतं. ती रागावली असती तरी मी समजू शकले असते. पण ती गोणपाटावर मागं रेलून हसायला लागली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. तिनं सांगितलं, त्यांच्या गावात एकदा असेच मोजायला लोक आले होते, तेव्हा तिच्या आईनं रात्रीतून शेजारच्या शेतातली चांगली रताळी आणून आपल्या वरंब्यात पुरली होती. ती तेव्हा शाळेत होती आणि पुरायला तिनंच मदत केली होती.

हे मी मराठीत सांगितल्यावर काकूला तिच्या आईबद्दल एकदम आदर वाटायला लागला. "बाई शहाणी हाय," ती म्हणाली.

पण आता समजावणं माझं काम होतं, आणि या वेळी नीट. मी थोडा विचार केला. काकूला साखरेचा त्रास आहे. दर तीन महिन्यांनी मीच तिला शहरात तपासायला घेऊन जाते. मी म्हटलं, "काकू, दवाखान्यात जायच्या आधी दोन दिवस तू गोड बंद करतीस, चहा बी बिनसाखरेचा पितीस. मग रिपोर्ट चांगला येतोय. डॉक्टरला तुझी खरी साखर कळती काय?"

काकूनं चोरून अण्णाकडं बघितलं. मागच्याच वेळी डॉक्टरांनी तीन महिन्यांचं एकदम कळतं ती दुसरी तपासणी करून तिला पकडलं होतं, आणि ते अण्णाला अजून माहीत नव्हतं. अण्णा शेजारीच उभा होता.

"हिला शेताचं दुखणं बघायचं हाय," मी म्हटलं. "भुंगा कुठं हाय, किती हाय. चिठ्ठी टाकून जी जागा निघाली तीच. तिथं वाईट असंल तर वाईटच द्यायचं."

काकूनं गोणपाटावरच्या रताळ्यांकडं बघितलं. मग म्हणाली, "म्हंजे मी ह्या पोरीला खोटा रिपोर्ट दिला."

"व्हय."

"मग आधी सांगायचं न्हाय व्हय गं? कुठंबी कुठंबी करत बसलीस."

तिथं वाद संपला. तीन चौकोन बाद झाले. मुलीच्या कागदाखाली राखीव आकडे होते, त्यातले तीन घेतले. म्हणजे उरलेले चार आणि हे तीन, असे सात चौकोन दुपारी काढायचे होते आणि साडेचारला जीप येणार होती. पण आधी जेवायला बसलो.

वहिनीनं भाकरी, झुणका, मिरचीचा खर्डा आणि दही पाठवलं होतं. मुलगी मात्र जेवायच्या आधी कापलेल्या वेलांच्या ढिगाजवळ गेली आणि कोवळे शेंडे खुडायला लागली. अण्णा म्हणाला, "म्हशीला टाकायचं हाय म्हणावं, नको कष्ट करू." तिनं ओंजळभर शेंडे आणून माझ्यापुढं धरले. त्यांच्याकडं या पाल्याची भाजी करतात, मटेंबेले म्हणतात. इथं आल्यापासून तिनं रोज रताळ्याचे वेल बघितले होते, पण केंद्राच्या शेतातल्यांवर फवारणी असायची म्हणून खाता आले नव्हते. आमच्या वेलावर औषध मारलंय का, एवढंच तिनं विचारलं. अण्णानं नाही म्हणून सांगितलं.

चहासाठी तीन दगडांची चूल मांडलेलीच होती. पातेल्यात तेल, दोन कांदे, एक टोमॅटो, मीठ आणि वरून धुतलेला चिरलेला पाला. पाच मिनिटांत तो बसला, गडद हिरवा झाला. बायका लांबून बघत होत्या. गल्लीतली एक म्हणाली, "म्हस काय म्हणंल आपल्याला?" काकूनं भाकरीच्या तुकड्यावर थोडी भाजी घेतली, चावली, थांबली, पुन्हा चावली.

"कशी हाय?" अण्णानं विचारलं.

"लसूण पायजे," काकू म्हणाली आणि पातेलं स्वतःकडं ओढलं.

मुलीनं खर्डा खाल्ला, दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि झुणक्याची पाककृती वहीत लिहून घेतली, वजनांच्या पुढच्या पानावर. महिनाभर केंद्राच्या मेसमध्ये भात खाऊन कंटाळले होते, म्हणाली. भाकरी मोडताना तिनं एकदा आजूबाजूला बघितलं, वेलांचा ढीग, चूल, मातीत पाय पसरून बसलेल्या बायका. घर सोडल्यापासून आज पहिल्यांदा आपण कुठं आलोय असा प्रश्न पडला नाही, असं ती मला म्हणाली. हे मी मराठीत सांगितलं नाही. सांगितलं असतं तर काकूनं तिला तिसरी भाकरी वाढली असती.

दुपारच्या कामात काकूचं रूपच बदललं. आता ती चौकोनाच्या दोरीबाहेर कुणाला कुदळ पडू देईना. शेंगेएवढं रताळं कुणी टाकून दिलं तर परत उचलायला लावायची. "ते बी घाल. तिला समदं पायजे." आठव्या चौकोनात एक रताळं इतकं सडलेलं निघालं की त्याच्या वासानं मी मागं सरले. काकूनं ते दोन बोटांनी धरून शेतभर फिरवत मुलीपुढं आणलं, एखादं बक्षीस दाखवावं तसं. मुलीनं ते चाकूनं मधोमध चिरलं. आत काळ्या वाटा पडल्या होत्या आणि एका वाटेत तांदळाच्या दाण्याएवढी पांढरी अळी वळवळत होती. आम्ही सगळे तिच्याभोवती वाकून उभे राहिलो. काकू आयुष्यभर किडकी रताळी फेकत आली होती. आत कोण राहतं हे तिनं कधी बघितलं नव्हतं.

मुलीनं अण्णाला हाक मारली आणि वरंब्यावरची भेग दाखवली. रताळं फुगलं की माती तडकते आणि भुंगा या भेगेतून खाली उतरतो. खालच्या टोकाला माती चिकट, वाळली की जास्त तडकते, म्हणून कीडही तिथंच जास्त. मधे एकदा मातीची भर दिली आणि भेगा बुजवल्या तर बरंच वाचेल. अण्णा कुणाचं लवकर ऐकत नाही. पण तो त्या भेगेत बोट घालून उकिडवा बसून राहिला आणि शेवटी म्हणाला, "हे कुणी सांगितलं न्हवतं."

साडेचारला जीप आली तेव्हा नववा चौकोन अर्धा झाला होता. साहेब घड्याळ बघत बांधावरून आले. काकू मान वर न करता म्हणाली, "बसा साहेब, च्या घ्या. चिठ्ठीतलं एक अजून राह्यलंय." साहेबांनी चहा घेतला. मग त्यांनीही बूट काढले, पँट दुमडली आणि दहाव्या चौकोनात हात घातला. सव्वापाचला शेवटच्या पिशवीला चिठ्ठी लागली. मुलीनं कागदावर शेवटची खूण केली आणि हातावर हात आपटून माती झाडली.

निघताना ती काकूपुढं जरा वाकली आणि "शिकामो" म्हणाली. मग मला समजावून सांगितलं, त्यांच्याकडं मोठ्या माणसाला असा नमस्कार करतात, त्याचा मूळ अर्थ तुमचे पाय धरते. समोरच्यानं "मरहबा" म्हणायचं. काकूनं तो शब्द तीनदा घोकून घेतला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हटला. त्याला जोडून, "औक्षवंत हो, आन् लग्नाला बोलीव."

बाद झालेल्या तीन चौकोनांची रताळी काकूनं एका गोणीत भरून जीपमध्ये ठेवली. मुलगी नको म्हणायला लागली, तर काकू मला म्हणाली, "तिला सांग, ही मोजायची न्हवं. ही खायची."

जीप वळणावरून दिसेनाशी झाली आणि मग आम्ही हात धुवायला बसलो. रताळ्याचा चीक लागून माझे तळहात काळे पडले होते. साबण, राख, खोबरेल तेल, काहीही लावलं तरी गेलं नाही. सोमवारी पहिल्या तासाला मी खडू उचलला, तेव्हा पुढच्या बाकावरच्या मुली माझ्या हातांकडं बघायला लागल्या. एकीनं विचारलं, "मॅडम, काय झालं हाताला?" त्या दिवशी व्याकरणाचा धडा घ्यायचा होता. मी पुस्तक मिटून टेबलावर ठेवलं, खुर्ची पुढं ओढली आणि टांझानिया नकाशावर कुठं आहे ते आधी त्यांनाच शोधायला सांगितलं.